हात न लावता खेळायची शाळा

आमच्या शाळेच्या दारावर मोठ्या रंगीत अक्षरांत लिहिलेलं आहे, 'खेळता खेळता शिकूया'. अमरावतीतल्या आईबापांना ही पाटी वाचून अगदी भरून येतं. आत आलं की डाव्या हाताच्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर, फळ्या ठोकलेल्या आहेत आणि त्यांवर खेळणी मांडली आहेत. ठोकळे, भातुकली, लाकडी गाड्या, कापडी हत्ती, सगळं आपापल्या प्लास्टिकच्या वेष्टणात, दुकानातून आलं तसंच. अंगणात घसरगुंडी आहे, तिला ताडपत्री बांधलेली असते. उन्हाळ्यात काढत नाहीत, कारण उन्हानं रंग उडतो. पावसाळ्यात काढत नाहीत, कारण गंज चढतो. आणि हिवाळ्यात गॅदरिंगची तयारी असते, तेव्हा घसरगुंडीसाठी वेळ कोणाला आहे?

ही शाळा प्रमोदिनी दर्यापूरकर यांची. त्यांच्याच घराच्या तळमजल्यावर भरते; वर त्या राहतात. मी कौशल्या गावंडे, इथे बाई म्हणून आहे. काम म्हणाल तर लेकरांना खेळण्यांपासून लांब ठेवणं. पगार वेळेवर मिळतो, त्यामुळे मी फार साळसूदपणाचा आव आणत नाही. पण डोळे उघडे आहेत आणि जीभ माझी माहेरची आहे, म्हणून मॅडमची ही हकीकत सांगते.

मॅडम मूळच्या परतवाड्याच्या. वडील शाळेत संस्कृत शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी पूजा सांगायचे. पाठीवर भावंडांची रांग, त्यामुळे ही थोरली मुलगी कळायला लागल्यापासून कोणाचं ना कोणाचं नाक पुसत होती. "मी लहानपणी कधी धुळीत बसले नाही," असं त्या एखादं पदक दाखवावं तशा सांगतात. मी मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातली. आमचं बालपण सगळं धुळीतच गेलं, शकुंतला नावाच्या छोट्या आगगाडीच्या रुळांवर तोल सांभाळत चालण्यात आणि बैलांच्या पाण्याच्या टाक्यात डुंबण्यात. आमचा खेळ कोणी तास लावून घेतला नाही आणि त्यातून काय शिकलात हेही कोणी विचारलं नाही. मॅडम धुळीत बसल्या नाहीत याचं मला वाईट वाटायला हवं. पण दुसऱ्याला वाईट वाटून घ्यायला त्या जागाच ठेवत नाहीत.

लग्न झालं ते बापूसाहेब दर्यापूरकर वकिलांशी. मनुष्य हसरा होता. बायकोला 'हेडमास्तर' म्हणायचा आणि तिच्या देखत लोणच्याच्या बरणीत बोट घालायचा. मॅडमनी उभी हयात प्राथमिक शाळेत काढली. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायचं, असं लोक आजही कौतुकानं सांगतात. पहिलीतल्या लेकरांच्या वर्गात टाचणी ऐकू येते हे कौतुक आहे की तक्रार, हे त्यांतल्या कोणाच्या डोक्यात आलेलं नाही.

बापूसाहेब गेले, नोकरी संपली, मुलगा विपुल बंगळुरूला. रिकामं घर खायला उठलं तेव्हा मॅडमनी बालशाळा काढायचं मनावर घेतलं. त्यासाठी पुण्याला जाऊन प्रशिक्षण घेऊन आल्या. तिथे म्हणे मोठमोठ्या बाया सतरंजीवर बसून कणकेचे हत्ती करत होत्या आणि कागदाचे मुकुट घालून नाचत होत्या. मॅडमनी मुकुट पट्टीनं मापून केला. परत आल्यावर मला समोर बसवून म्हणाल्या, "कौशल्या, लक्षात ठेव. आता मुलांना शिकवायचं नाही. आता ऍक्टिव्हिटी घ्यायची."

मी म्हटलं, "मंग पहिले शाळेत काय करत होत्या तुमी?"

"पहिले हाताची घडी घालायला सांगायचो. आता ती एक ऍक्टिव्हिटी आहे."

हे त्या गंमत म्हणून बोलल्या नव्हत्या. आमच्या वेळापत्रकात 'मुक्त खेळ' नावाचा तास आहे. त्या तासाला घंटा होते, लेकरं रांगेत बसतात, मॅडम एक गाडी फळीवरून काढायला लावतात. मग नाव पुकारलं की एकेक लेकरू उठतं, खडूच्या या रेघेपासून त्या रेघेपर्यंत गाडी ढकलतं आणि जागेवर येऊन बसतं. बाकीची टाळ्या वाजवतात. गाडी वेष्टणातच असते, त्यामुळे चाकं फिरत नाहीत, घासत जातात.

आईबापांचं तर विचारूच नका. खेळातून शिक्षण पाहिजे म्हणून इथे येतात आणि पहिल्या आठवड्यात विचारतात, ए बी सी डी कुठवर आलं. आमच्या गल्लीच्या टोकाला कुंदन राठी म्हणून बियाण्याचा दुकानदार आहे. त्याच्या मुलानं घरी जाऊन 'आज खेळलो' असं सांगितलं, तर हा गृहस्थ गाडी काढून शाळेत हजर. "मॅडम, माहा पोट्टा घरी बी खेळते ना. घरी तो फुकटात खेळते." मॅडमनी त्याला रांगेतला मुक्त खेळ दाखवला. त्याचं समाधान झालं. म्हणाला, "हां, हे बराबर हाय. अशी शिस्त घरी नाई राहत." अशा माणसांची लेकरं सांभाळायची, तर शाळाही अशीच निघणार.

असं सगळं सुखात चाललं होतं. मग गेल्या आषाढात विपुलचा फोन आला.

त्याची बायको जुईली हिला कंपनी वर्षभरासाठी जर्मनीला पाठवत होती. विपुलची कामाची वेळ अशी की चार वर्षांच्या सोहमला एकट्यानं सांभाळणं अशक्य. तेव्हा वर्षभर सोहमला एकतर जुईलीच्या आईकडे नाशिकला ठेवायचं, नाहीतर इथे आजीकडे. श्रावणभर त्याला अमरावतीला सोडून बघायचं, पोळ्याला दोघं येतील, रमलेला दिसला तर इथेच ठेवतील, असं ठरलं.

मॅडमनी फोन ठेवला आणि त्या पायरीवरच बसल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना पायरीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "कौशल्या, बापूसाहेब गेल्यापासून या घरात कोणी काही सांडलेलं नाही बघ." त्यांचे डोळे भरले होते. मला त्या क्षणी त्या फार आवडल्या. तो क्षण जरा वेळ टिकला असता तर पुढचं सांगायची वेळ आली नसती. पण त्या लगेच उठल्या आणि लीलाबाईंना, म्हणजे आमच्या शाळेतल्या मावशींना, पायरी पुसायला सांगितली.

सोहम आला. गुबगुबीत, केस डोळ्यांवर आलेले, भयंकर बडबड्या. पहिल्याच सकाळी ताडपत्रीचं टोक उचलून आत शिरला आणि घसरगुंडीच्या खालून ओरडला, "आजी, इथे घर आहे!" मॅडमनी त्याला बाहेर काढलं, केस मागे सारले आणि समजावलं की घरात मी आजी, शाळेत मी मॅडम. शाळेत आजी म्हणायचं नाही, इतर मुलांना वाईट वाटतं. त्यानं विचारलं, "मग शाळेत आजी कुठे जाते?" मॅडम म्हणाल्या, "वर असते." तो जिन्याकडे बघत राहिला.

मग पोळ्यासाठी माती आली. आमच्याकडे पोळ्याला पूजेसाठी मातीचे बैल करतात. लीलाबाईंच्या भावानं शेतातली काळी माती पोत्यात भरून आणून दिली आणि पोतं अंगणातल्या नळाजवळ ठेवलं. मॅडम त्या दिवशी बँकेत गेल्या होत्या. सोहमनं पोतं शोधलं, नळ शोधला, आणि पुढचं काय सांगू! तासाभरानं मी पाहते तो सगळी शाळा नळाशी. कोणी बैल करतंय, कोणी विहीर खणतंय, राठीचा पोट्टा दुकान मांडून मातीच्या गोळ्या 'बियाणं घ्या, बियाणं' करून विकतोय. आचल नावाची एक मुलगी आहे, शाळेत आल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. ती कमरेवर हात ठेवून सोहमवर खेकसत होती, "माह्या बैलाले पाणी काहून नाई पाजलं?" आणि सोहम पळत जाऊन ओंजळीत पाणी आणत होता.

लीलाबाई म्हणाल्या, "बाई, थांबवू का?"

मी म्हटलं, "थांबवून पाह्यजा. मंग मी तुमाले वळखत नाई म्हणून सांगीन."

मॅडम परतल्या तेव्हा नातवाचे फक्त डोळे तेवढे ओळखू येत होते. तो धावत गेला आणि त्यांच्या पातळाला मिठी मारली. मॅडम पुतळ्यासारख्या उभ्या. हात हवेत, खाली आणावेत की नाही ठरत नव्हतं. मग एक हात आला, त्याच्या डोक्यावर, बोटांच्या टोकांनी. बस, तेवढंच. सोहमनं त्यांना आपला बैल दाखवला. त्याला तीनच पाय होते आणि शेपूट सोंडेएवढी. "छान," मॅडम म्हणाल्या, "पण चौथा पाय?" सोहम म्हणाला, "तो चरायला गेलाय." मी एवढी मोठ्यानं हसले की मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी आईबापांचे फोन सुरू झाले. काळ्या मातीचे डाग गणवेशावरून निघत नाहीत, खरं आहे. पण त्या बायांचा सूर असा, की आम्ही लेकरांना डांबरात बुडवलं! आचल बोलली, हे तिच्या आईनं फोनवर सांगितलंच नाही. तिनं मोज्यांबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशी नळाची तोटी काढून ठेवली गेली. माती चाळून, मळून, लाडवाएवढे गोळे करून ताटल्यांत ठेवण्यात आली, फळ्यावर बैलाचं चित्र काढलं, आणि 'माती: ऍक्टिव्हिटी' पार पडली. सगळ्यांच्या बैलांना चार पाय होते. सोहमच्याही.

त्यानंतर सोहम सुधारला. मॅडमच्या भाषेत सुधारला. आला तेव्हा त्याला गप्प बसवावं लागायचं, आता तो आपण होऊन बसू लागला. हात मागे बांधून फळीवरची खेळणी बघायला शिकला. राठीचा पोट्टा फळीखाली उड्या मारू लागला तर सोहम त्याला बाजूला घ्यायचा. मॅडम रोज रात्री विपुलला फोनवर सांगायच्या, "अगदी रमलाय." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना ते रमणंच वाटत होतं, आणि इथेच माझं डोकं फिरायचं.

आता तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या विदर्भात लेकरांचा पोळा असतो. चाकांचे लाकडी बैल असतात, त्यांना दोरी. लेकरांनी ते खडखड ओढत गल्लीभर फिरायचं, घराघरातून बोजारा, म्हणजे खाऊ, मागायचा. जगात एखादा सण निव्वळ खेळण्यासाठी असेल तर तो हा. आणि तो आमच्या लोकांनी कसा करून ठेवलाय बघा. स्पर्धा! कोणाचा बैल मोठा, कोणाची झूल जरीची. बाप सुताराकडे खेटे घालतात, आया रात्र रात्र बैल सजवतात. आणि सजावट मोडू नये म्हणून तो बैल ओढायचा नाही. आमच्या शाळेत तर बैल टेबलांवर मांडतात आणि लेकरं मागे उभी करतात. चाकं असलेला बैल टेबलावर! पण गेली काही वर्षं असंच चाललंय आणि एकाही आईबापाला यात काही चुकतंय असं वाटलेलं नाही.

मॅडमनी सोहमसाठी बाळापूरच्या सुताराकडून सागवानी बैल करवून घेतला. सोहमच्या छातीपर्यंत येणारा. त्याला मखमली झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगूरमाळ, आणि डोळ्यांत चक्क लाल दिवे. "विपुल-जुईली बघतील," त्या मला म्हणाल्या. "पहिला आला, की त्यांची खात्री पटेल. मग ठेवतील गं त्याला माझ्याकडे." इतकं साधं गणित होतं त्यांचं. आयुष्यभर ज्या बाईनं पहिल्या नंबराखेरीज दुसरं सुख पाहिलं नाही, तिला नातू मिळवायचाही तोच मार्ग सुचला.

मंडप उभा राहिला. विपुल आणि जुईली सकाळीच येऊन पोचले होते. परीक्षक होते नत्थुजी बोंडे; मंडप त्यांचा, म्हणून परीक्षकही ते. पुढाऱ्याच्या रिवाजाप्रमाणे उशिरा आले. तोवर लेकरं आपापल्या बैलांमागे उभी. कोणाचा फेटा डोळ्यांवर आलेला, कोणाला शू लागलेली. सोहम मात्र अगदी सरळ, हात मागे.

नत्थुजी एकेका टेबलाशी थांबून विचारत होते, "का रे भाऊ, बैलाचं नाव काय ठेवलं?" आयांनी पढवल्याप्रमाणे लेकरं सांगत होती, सर्जा, राजा, सर्जा, राजा. सोहमपाशी आले.

"तुह्या बैलाचं नाव काय, बाप्पा?"

"मला माहीत नाही."

"काहून? तुहाच हाय ना?"

"नाही," सोहम म्हणाला. "आजीचा आहे."

सगळा मंडप हसला. लेकराचं कौतुक, आजीचं कौतुक. नत्थुजींनी माईक घेऊन संस्कारांवर भाषण ठोकलं, आणि पहिला नंबर अर्थात सोहम दर्यापूरकर. बक्षीस म्हणून रिमोटची गाडी, चकचकीत खोक्यात. सोहमनं ती दोन्ही हातांनी घेतली, नमस्कार केला, स्टेजवरून उतरला. आई समोरच खुर्चीवर बसली होती, तिच्यासमोरून गेला, आणि मॅडमना खोकं देत म्हणाला, "हे वर ठेवा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "किती गुणी लेकरू!" माझ्या शेजारची बाई म्हणाली. मी तिला म्हटलं, "गुणी नाई बाई, भ्यालेलं हाय ते." तिनं खुर्ची सरकवून घेतली.

जुईलीनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

संध्याकाळी मी आणि लीलाबाई वर्गात टेबलं लावत होतो, तेव्हा जुईली सोहमचा हात धरून खाली आली. मागे विपुल, मान खाली घालून. मॅडम खोकं कुठल्या फळीवर बसतं ते बघत होत्या.

"आई," जुईली म्हणाली, "मी त्याला नाशिकला ठेवणार आहे."

"अगं, पण रमलाय की तो! पहिला आला ना?"

"हो, आला." जुईलीनं मॅडमच्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं. "महिन्यापूर्वी याला मी खेळणं दिलं की दुकानाच्या दारातच खोकं फाडायचा. आज त्यानं गाडी कोणत्या रंगाची आहे तेही बघितलं नाही, आई."

मॅडमनी विपुलकडे पाहिलं. विपुलनं खिडकीकडे पाहिलं. तोही याच मॅडमच्या हाताखालून गेलेला ना!

मग मॅडमनी जे केलं ते मी कधी बघेन असं वाटलं नव्हतं. त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढल्या, आणि फळीवरची खोकी खाली टाकायला लागल्या. ठोकळे, भातुकली, गाड्या, सगळं. लीलाबाई स्टूल धरायला धावल्या. मॅडम उतरल्या, फरशीवर बसल्या आणि नखांनी वेष्टणं फाडू लागल्या. "हे बघ सोहम, उघडलं. हे पण उघडलं. सगळं तुझं. ये, खेळ. सांड सगळं, काही हरकत नाही." ठोकळे फरशीभर झाले. सागवानी बैल त्यांनी स्वतः टेबलावरून ओढून खाली घेतला, झुलीसकट, आणि दोरी त्याच्यापुढे धरली. "घे ना रे राजा. ओढ."

सोहम जागचा हलला नाही. त्यानं हात मागे नेले. ठोकळ्यांकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि वाकून हळूच म्हणाला,

"आजी, नको. मॅडम रागावतील."

मॅडमच्या हातातली दोरी तशीच राहिली. मला त्यांचा राग इतकी वर्षं आलेला होता, आणि त्या वेळी तो कुठे शोधूनही सापडेना. मी आणि लीलाबाई बाहेर निघून आलो.

दुसऱ्या दिवशी ती तिघं नाशिकच्या गाडीनं गेली. मॅडम वेळेवर शाळेत आल्या, प्रार्थना घेतली, हजेरी घेतली.

आणि आता आपल्या लोकांची अक्कल ऐका. पोळ्यानंतर आमच्याकडे प्रवेशाला रांग लागली. त्या बक्षीस घेणाऱ्या लेकरासारखं आमचंही करून द्या, म्हणतात. परवा एक जोडपं आलं होतं. बाप शाळेची पाटी मोठ्यानं वाचून दाखवत होता, आईला फळ्यांवर पुन्हा चढलेली खेळणी फार आवडली. तिनंच विचारलं, "मॅडम, तुमचा तो पहिला आलेला नातू कोठी हाय? दिसत नाई."

मॅडम टेबलावरचे कागद सारखे करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाशिकला असतो. त्याला खेळायला पाठवलंय."